पोकळ वस्तू, भरीव व्यवहार

दुकानात येणाऱ्या मालाची पारख करण्याच्या रीती आपल्या व्यापारात फार दिवसांपासून ठरलेल्या आहेत. कापड चिमटीत धरून त्याचा पोत पाहतात, गुळाची ढेप फोडून रंग पाहतात, तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो जुना की नवा हे ओळखतात. परंतु डबा, बादली, घागर, पंपाचे कवच, नळाची तोटी अशा ज्या वस्तू आतून पोकळ असतात, त्यांचे खरे मोल ज्या एका गोष्टीवर अवलंबून असते ती गोष्ट डोळ्यांस दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे त्या वस्तूच्या भिंतीची जाडी. दोन डबे शेजारी शेजारी ठेवले, रंग सारखा, आकार सारखा, झाकणही सारखे बसते. परंतु एक दहा वर्षे टिकतो आणि दुसऱ्याचा कोपरा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. गिऱ्हाइकास या भेदाचे कारण कळत नाही. विकणाऱ्यासही ते पुष्कळदा ठाऊक नसते, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे.

ही जाडी पूर्वी कारागिराच्या हातात होती. आज ती संगणकाच्या पडद्यावर ठरते. वस्तूचा साचा किंवा पॅटर्न तयार होण्यापूर्वी तिचे त्रिमिती प्रतिरूप, ज्यास कारखान्यात थ्री-डी मॉडेल म्हणतात, संगणकावर रचले जाते, आणि साचा कापणारे यंत्र त्या प्रतिरूपाबरहुकूम चालते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की जो व्यापारी पोकळ वस्तू बनवून घेतो किंवा विकतो, त्याने त्या प्रतिरूपातील जाडी वाचावयास शिकले पाहिजे, आणि शिकल्यावर ती गिऱ्हाइकापासून झाकून ठेवता कामा नये. प्रतिरूप रचणे हे अभियंत्याचे काम असेल. पण जाडीची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे.

प्रथम जुन्या रीतीचा विचार करू. तांब्या-पितळेची भांडी आपल्याकडे वजनावर विकली जात, आणि आजही कित्येक पेढ्यांत तशीच विकली जातात. धातूचा भाव, वर घडणावळ, आणि जुनी मोड दिल्यास तिची वजावट, असा तो हिशेब. या हिशेबात एक मोठे शहाणपण दडलेले होते. घागरीची भिंत पातळ निघाली तर तिचे वजन घटे, आणि वजन घटले की किंमतही घटे. त्यामुळे पातळ माल देऊन पुरे दाम घेण्यास जागाच उरत नसे. शिवाय गिऱ्हाईक भांडे बोटाने वाजवून घेई. भरदार भांड्याचा आवाज एक, चिरलेल्याचा दुसरा. तराजू आणि कान या दोन साक्षीदारांपुढे व्यवहार होत असे.

नंतर प्लॅस्टिक, स्टेनलेस स्टील आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या वस्तू बाजारात आल्या, आणि त्यांपैकी बहुतेक नगावर विकल्या जाऊ लागल्या. नग हे माप सोयीचे खरे, पण ते जाडीविषयी मुके आहे. भिंत अर्ध्या मिलिमीटरने पातळ केली तर नग एकच राहतो, दाम तेच राहते, आणि वाचलेला कच्चा माल बनवणाऱ्याच्या पदरात पडतो. ज्या दिवशी तराजू व्यवहारातून उठला, त्या दिवशी जाडी गुप्त झाली. संगणकाने हा गुप्तपणा निर्माण केला नाही; परंतु जाडी बदलणे त्याने इतके सोपे करून ठेवले आहे, की एके काळी कारागिरास महिनाभर हात बसवून साधावे लागे ते आता एक आकडा बदलून क्षणात साधते.

या संगणकीय रचनेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली, आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून आकृती रचता येते हे दाखवून दिले. पुढे १९७० च्या दशकात केंब्रिज येथे इयन ब्रेड यांनी घनाकृतीचे पूर्ण वर्णन संगणकात कसे साठवावे यावर मूलगामी काम केले. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ आले आणि नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर संगणक पोहोचला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्रो-इंजिनिअर’ या प्रणालीने असा मार्ग दाखविला की प्रत्येक माप एक आकडा म्हणून साठवावे, आणि तो आकडा बदलला की संपूर्ण आकृती आपोआप पुन्हा रचली जावी. १९९५ मध्ये ‘सॉलिडवर्क्स’ आले व हीच पद्धत लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली. आज बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ज्या अनेक लहानमोठ्या कार्यशाळा साचे आणि पॅटर्न बनवितात, त्यांचे काम याच पद्धतीवर चालते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. संगणकातील भरीव वस्तू वस्तुतः भरीव नसते. त्यात धातू नाही, प्लॅस्टिक नाही. संगणक फक्त वस्तूची त्वचा साठवितो: इतके पृष्ठभाग, त्यांच्या इतक्या कडा, आणि प्रत्येक पृष्ठभागाची ‘आतील’ बाजू कोणती याची नोंद. पोकळ वस्तूस अशा दोन त्वचा असतात, एक बाहेरची व एक आतली. या दोन त्वचांमधील अंतर म्हणजेच भिंत. ते अंतर सर्वत्र सारखे राहील अशी हमी संगणक स्वतःहून देत नाही. रचणाऱ्याने ज्या क्रमाने आज्ञा दिल्या असतील, तसे ते होते.

पोकळ आकार रचण्याच्या सर्वसाधारण तीन रीती आहेत. घागर किंवा ग्लास यांसारखी गोल वस्तू असेल तर तिच्या भिंतीचा छेद कागदावर काढावा तसा काढून तो आसाभोवती फिरवितात. आकार वाकडातिकडा असेल, जसे मोटारीच्या दिव्याचे आवरण, तर आधी केवळ एक जाडीविहीन पृष्ठभाग रचतात आणि मग त्यास जाडी देतात. तिसरी व सर्वांत प्रचलित रीत ‘शेल’ या आज्ञेची. तीत प्रथम भरीव ठोकळा रचतात, जो पृष्ठभाग उघडा ठेवावयाचा तो दाखवितात, भिंतीची जाडी सांगतात, आणि संगणक ठोकळा आतून कोरून देतो. एका आज्ञेत डबा तयार! नवशिक्यास याचा मोठा अचंबा वाटतो. पण धोकाही याच ठिकाणी आहे, कारण आज्ञांचा क्रम चुकला तरी बाहेरून डबा तितकाच सुबक दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, २०० मिलिमीटर लांब, १५० रुंद व १०० उंच असा एक डबा आहे आणि भिंत २ मिलिमीटर ठरली आहे. डब्याचे उभे कोपरे बाहेरून ६ मिलिमीटर त्रिज्येने गोल करावयाचे आहेत. रचणाऱ्याने आधी कोपरे गोल केले आणि मग ठोकळा कोरला, तर आतील कोपराही ४ मिलिमीटर त्रिज्येने गोल होतो आणि भिंत सर्वत्र २ मिलिमीटर राहते. परंतु त्याने आधी ठोकळा कोरला आणि मग केवळ बाहेरचे कोपरे गोल केले, तर आतला कोपरा काटकोनी राहतो व बाहेरचा घासला जातो. मग त्या कोपऱ्यात भिंत किती उरते? भूमितीचा साधा हिशेब आहे: २ ची १.४१४ पट म्हणजे २.८३, त्यातून ६ ची ०.४१४ पट म्हणजे २.४८ वजा. उरले ०.३५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. गोलाई ६ ऐवजी ७ घेतली असती तर कोपऱ्यात उभी फटच पडली असती, आणि ती निदान पडद्यावर दिसली तरी असती. सहाची चूक मात्र दिसत नाही. डबा हातातून निसटला की तो नेमका याच ठिकाणी फुटतो आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘प्लॅस्टिकच हलके होते.’ प्लॅस्टिक हलके नव्हते. आज्ञांचा क्रम उलटा होता.

दुसरे उदाहरण उताराचे. साच्यातून वस्तू सुटून यावी म्हणून तिच्या उभ्या भिंतींस किंचित तिरकेपणा द्यावा लागतो. यास ड्राफ्ट म्हणतात आणि तो सामान्यतः एक-दोन अंशांचा असतो. एक अंश ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु १०० मिलिमीटर उंचीच्या भिंतीत एक अंशाचा उतार पावणेदोन मिलिमीटरचा फरक पाडतो. हा उतार आतल्या व बाहेरच्या दोन्ही त्वचांस सारखा दिला तर भिंतीस काही बाधा नाही. तो केवळ बाहेरून, कोरण्यानंतर दिला, तर २ मिलिमीटरची भिंत एका टोकाशी पाव मिलिमीटरवर येते. म्हणूनच जाणते रचनाकार उतार आणि गोलाई आधी देतात, आणि ठोकळा शेवटी कोरतात.

कोणी म्हणेल, की आपण व्यापारी. आपल्या हाती तराजू आहे, माल तोलून पाहू. हे खरे आहे आणि चांगलेही आहे. संगणकातील प्रतिरूपास द्रव्याची घनता सांगितली की ते आपले वजन सांगते. वरील डबा पॉलिप्रॉपिलीनचा असेल, तर २ मिलिमीटर भिंतीचे त्याचे वजन, गोलाई व उतार सोडून, सुमारे १७६ ग्रॅम भरते. दीड मिलिमीटर भिंतीचा तोच डबा सुमारे १३३ ग्रॅम भरतो. म्हणून प्रतिरूपाचे वजन ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावे आणि आलेल्या मालातील चार डबे तोलून पाहावेत. अर्ध्या मिलिमीटरची चोरी तराजूवर तत्काळ उघडी पडेल. परंतु तराजू सरासरी सांगतो, सर्वांत दुबळी जागा सांगत नाही. वरील उदाहरणातील चारही कोपरे घासले गेल्याने एकंदर वजनात पडणारा फरक जेमतेम ३ ग्रॅमचा आहे. तराजूची नजर तेथे पोहोचत नाही. तेथे छेदच घेतला पाहिजे, पडद्यावर प्रतिरूपाचा आणि शक्य तर करवतीने प्रत्यक्ष डब्याचा.

आता या ४३ ग्रॅमच्या मोहाचा विचार करू. एक लाख डब्यांमागे ४ टनांहून अधिक कच्चा माल वाचतो. शिवाय साच्यात प्लॅस्टिक थंड होण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भिंत दोनावरून दीडावर आणली तर तो वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो आणि यंत्र दिवसाकाठी अधिक नग काढते. बनवणाऱ्यास असा दुहेरी लाभ आहे. पण भिंतीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी पाऊण केली की ताठपणा पाऊण राहत नाही, तो शंभरातून बेचाळीसवर येतो. द्रव्य चतुर्थांश वाचते आणि ताठपणा निम्म्याहून अधिक जातो. हे एक वाक्य प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या गादीसमोर लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण कारखानदार ‘थोडी पातळ करू, भाव उतरवू’ असे म्हणतो त्या वेळी याच वाक्याची आठवण व्हावयास हवी.

ओतकामाची गोष्ट याहून निराळी नाही. पंपाचे किंवा व्हॉल्व्हचे बीड ओततात तेव्हा आतील पोकळी वाळूच्या गाभ्याने, म्हणजे कोअरने, घडविली जाते. वितळलेले लोखंड ओतताना तो गाभा आपल्या जागेवरून हलला, तर एकीकडची भिंत जाड व दुसरीकडची पातळ होते. प्रतिरूपात ८ मिलिमीटर असलेली भिंत गाभा २ मिलिमीटर सरकल्याने एका बाजूस ६ आणि दुसऱ्या बाजूस १० होते. वजन तेवढेच राहते, पण पाण्याचा दाब आल्यावर सहाची बाजू आधी बोलते. प्रतिरूप निर्दोष असले तरी माल सदोष निघू शकतो तो असा. यास्तव प्रतिरूप रचतानाच गाभा कोठे टेकेल, किती हलू शकेल, आणि हलूनही भिंत किती उरली पाहिजे, याचा विचार व्हावा लागतो. ठरलेली जाडी आणि कमीत कमी चालणारी जाडी हे दोन निराळे आकडे आहेत. आपल्या ऑर्डरींत बहुधा पहिलाच असतो, आणि पुष्कळदा तोही नसतो.

दागिन्यांच्या व्यवसायातही आता हेच घडत आहे. हुपरीसारख्या चांदीच्या गावापासून मोठ्या शहरांतील पेढ्यांपर्यंत मेणाचे किंवा राळेचे नमुने संगणकावरून छापले जातात, व वजन हलके राहावे म्हणून ते मागून कोरले जातात. येथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. सर्व बाजूंनी बंद पोकळी राळेत छापली, तर न घट्ट झालेली राळ आत अडकून राहते. म्हणून तिला निघून जाण्यास छिद्र ठेवावे लागते. पोकळी ही नुसती रिकामी जागा नव्हे. तिलाही आकार, वाट आणि मर्यादा असते. आपल्या समाजातील वाचकांस हे समजण्यास कठीण जाऊ नये. सिद्धांच्या आकाराचे वर्णन करताना मेण निघून गेलेल्या मुशीच्या पोकळीचा दृष्टान्त आपल्या परंपरेत दिला जातो, आणि दिगंबर मंदिरांतील सिद्धप्रतिमा धातूच्या पत्र्यात कोरून काढलेल्या रिकाम्या पुरुषाकृतीच्या रूपात आपण नित्य पाहतो. पोकळीचाही विचार करता येतो, ही दृष्टी आपल्याला वारशाने मिळालेली आहे.

माझ्या मतावर येऊ शकणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की कमी द्रव्यात काम भागविणे हा अपरिग्रहच आहे. मग पातळ भिंतीस दोष का द्यावा? आक्षेप योग्य आहे आणि मी पातळ भिंतीस दोष देत नाही. उलट, सपाट भिंत जाड करण्यापेक्षा तिला आतून पातळ पट्ट्यांचा, म्हणजे रिबांचा, आधार देऊन कमी द्रव्यात अधिक ताठपणा मिळविणे ही उत्तम रचना होय. त्या पट्ट्या मूळ भिंतीच्या निम्म्या जाडीच्या आसपास ठेवाव्या लागतात, अन्यथा बाहेरच्या पृष्ठभागावर खळगे पडतात. पण असे नियम पाळले तर काटकसर आणि टिकाऊपणा एकत्र नांदतात. दोष पातळपणात नाही. पातळपणा सांगितला जात नाही, त्यात आहे. आणि पातळपणालाही एक मर्यादा असते, जिच्यापलीकडे काटकसर कचरा होते. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचेच पाहा. केंद्र सरकारच्या नियमांनी पिशवीची कमीत कमी जाडी १९९९ साली २० मायक्रॉन ठरविली, ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ व ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. वीस-बावीस वर्षांत सहापट! याचे कारण उघड आहे: फार पातळ पिशवी कोणी पुन्हा वापरीत नाही, कोणी वेचीत नाही, आणि ती गटारात व गाईच्या पोटात जाते. ज्या वस्तूपासून जीवहिंसा घडते तीत वाचविलेल्या द्रव्यास काटकसर म्हणण्यास आपली जीभ धजावू नये.

दुसरा आक्षेप असा, की हे सारे अभियंत्याचे काम. व्यापाऱ्याने आपला हिशेब पाहावा. पण जाडी अनेकदा अभियंता ठरवीत नाही, भाव ठरवितो. ‘या दरात बसवा’ असे व्यापारी फोनवर सांगतो आणि कारखानदार तो दर ज्या एका आकड्यातून काढू शकतो, तो आकडा भिंतीचा असतो. म्हणजे निर्णय आपणच घेतलेला असतो, फक्त डोळे मिटून. डोळे मिटून घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी उघड्या डोळ्यांनी घेतलेल्या निर्णयाहून कमी नसते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: बाजारात इतर सगळे पातळ माल आणीत असता एकट्याने जाड माल आणून कसे चालेल? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्याला देता येणार नाही. म्हणूनच तो संघाच्या स्मरणिकेत मांडीत आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी दोन सरळ व्यापाऱ्यास उद्देशून आहेत: हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात कमीअधिक करणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे एक दाखवून दुसरे देणे. आपल्या पूर्वजांनी शेर आणि तराजू यांच्या संदर्भात हे नियम पाळले. आज माप शेरातून निघून मिलिमीटरात गेले आहे. दोन मिलिमीटरचा नमुना दाखवून दीड मिलिमीटरचा माल देणे हे कोणत्या सदरात मोडते, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

केवळ मत मांडून थांबणे उचित नाही, म्हणून काही सूचना नम्रपणे करतो. पहिली अशी, की पोकळ वस्तूच्या प्रत्येक ऑर्डरीत तीन आकडे लेखी असावेत: ठरलेली जाडी, कोठेही तिच्याखाली जाता कामा नये अशी किमान जाडी, आणि नगाचे वजन. दुसरी, साच्याचे पैसे देण्यापूर्वी प्रतिरूपाचे निदान तीन छेद पडद्यावर पाहावेत: मध्यातून, कोपऱ्यातून, व तळ भिंतीस जेथे मिळतो तेथून. अनेक प्रणालींत जाडी रंगांनी दाखविण्याची सोय असते. पातळ जागा वेगळ्या रंगात उठून दिसते. ही सोय वापरण्यास सांगण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. साचा पोलादात कापला गेला म्हणजे वेळ निघून जाते. पोलाद आणखी कोरून वस्तूची भिंत जाड करणे त्या मानाने सुकर असते. पण भिंत पातळ करावयाची तर साच्यास पोलाद परत जोडावे लागते, आणि ते कष्टाचे व खर्चाचे असते.

तिसरी सूचना मालकीविषयी आहे आणि तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष होते. साच्याचे पैसे आपण देतो, पण प्रतिरूपाची मूळ फाइल कारखानदाराकडेच राहते. फार तर आपल्याला ‘स्टेप’ फाइल मिळते. स्टेप हा फाइलींच्या देवाणघेवाणीचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे व तो उपयुक्तही आहे. परंतु सामान्यतः त्यात केवळ अंतिम आकार येतो, तो कोणत्या क्रमाने व कोणत्या आकड्यांनी रचला याचा इतिहास येत नाही. मूळ फाइलीत जाडीचा आकडा बदलून नवा आकार मिळविता येतो; स्टेपमध्ये बहुधा पुन्हा रचना करावी लागते. म्हणून करारात मूळ फाइल आणि स्टेप, दोन्ही आपल्या हवाली होतील असे लिहून घ्यावे. वही आपली आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती कोणताही सावध व्यापारी अन्य बाबतींत पत्करीत नाही.

चौथी सूचना संघाकडे आहे. संघाने आपल्या सभासदांच्या मुलामुलींसाठी आणि हौशी वडीलधाऱ्यांसाठीही वर्षातून एक आठ दिवसांचा वर्ग भरवावा. ‘फ्रीकॅड’ ही प्रणाली विनामूल्य आहे, तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात निघाली, आणि डबा रचून तो कोरण्याइतके शिक्षण तीत सहज मिळते. वर्गाचा हेतू रचनाकार घडविणे हा नसून वाचक घडविणे हा असावा. हिशेबनीस नसलेला मालकही ताळेबंद वाचतो, तसेच हे. त्याबरोबर संघाच्या कार्यालयात एक चांगले व्हर्निअर कॅलिपर आणि ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणारे एक उपकरण असावे, म्हणजे कोणाही सभासदास वस्तू न कापता मोजून घेता येईल. एके काळी भांडे बोटाने वाजवीत असत; हे उपकरणही एका अर्थाने भांडे वाजवूनच पाहते.

पाचवी व शेवटची सूचना सर्वांत कठीण आहे. आपल्यापैकी जे सभासद स्वतःच्या नावाने माल बनवून घेतात, त्यांनी वस्तूच्या वेष्टनावर तिचे वजन आणि किमान भिंत छापावी. प्रारंभी दहा पेढ्यांनी केले तरी पुरे. गिऱ्हाइकास त्या आकड्यांचा अर्थ पहिल्या वर्षी कळणार नाही. पण दुसऱ्या वर्षी ते शेजारच्या दुकानात विचारील, ‘यावर लिहिले का नाही?’ त्या प्रश्नाने जे साधेल ते कोणत्याही कायद्याने साधणार नाही. नगाने मुकी केलेली जाडी पुन्हा बोलती होईल, आणि जाड माल आणणारा एकटा राहणार नाही.

आपल्या समाजातील तरुण आता केवळ खरेदी-विक्रीवर संतुष्ट नाहीत. ते स्वतः माल घडवू इच्छितात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या हाती वडिलांनी तराजू दिला, तसेच आता एक नवे साधन येत आहे. त्या साधनात वस्तू बाहेरून जितकी हवी तितकी सुंदर करता येते. आतली त्वचा बाहेरच्या त्वचेशी प्रामाणिक आहे की नाही, हे मात्र ते साधन आपण विचारल्यावाचून सांगत नाही. ते विचारण्याची सवय आपल्या पेढ्यांवर रुजावी आणि पुढील स्मरणिका निघेल तेव्हा निदान काही सभासदांच्या ऑर्डरींत ते तीन आकडे लिहिलेले असावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.